परमुलखाची वाट आणि चित्रपट

गावातलं कुणी परमुलखाला गेलं, की काही दिवसांनी त्याचं पत्र येई. आता पत्राऐवजी फोन येतो, पण मजकुरात फारसा फरक पडलेला नाही. "आम्ही येथे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी." मुंबईच्या गिरणीत रात्रपाळी करणारा, एका खोलीत दहाबारा जणांबरोबर वळकटी टाकणारा आणि खाणावळीत जेवणारा कोकणातला चाकरमानीसुद्धा हेच लिहीत असे. त्यात लबाडी नव्हती. घरच्या म्हातारीच्या जिवाला घोर लागू नये, एवढाच त्यामागे हेतू. इकडून जाणारं उत्तरही तसंच असे. गाय दगावली, परड्याकडची भिंत पडली, हे कुणी कळवत नसे. दोन्हीकडून खुशाली जाई, आणि त्या दोन खुशालींच्या मधे जे काही घडत असेल ते कुणालाच कळत नसे.

हे मधलं सांगायचं काम जगातल्या काही चांगल्या चित्रपटांनी केलेलं आहे. आपला देश सोडून दुसऱ्या देशात पोट भरायला गेलेल्या माणसांवरचे हे चित्रपट. त्यांतल्या चार-पाच चित्रपटांची ओळख आज मी आपल्याला करून देणार आहे. कुणाला वाटेल, अमेरिकेतल्या अन् जर्मनीतल्या लोकांच्या गोष्टी आम्हा खेडवळ माणसांना काय करायच्या? त्याचा उलगडा शेवटी आपोआप होईल. सध्या एवढंच सांगतो, की या चित्रपटांतली बहुतेक माणसं शेतकरी नाहीतर मजूर आहेत, आणि त्यांची सुखदुःखं आपल्या ओळखीची आहेत.

सिनेमा आणि देशांतर यांचं नातं फार जुनं आहे. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला तो डिसेंबर १८९५ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी जुलैमध्ये तो मुंबईला आला. त्याच सुमारास युरोपातून अमेरिकेला जाणाऱ्या माणसांचा लोंढा वाढत होता. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस नावाचं एक बेट आहे. आलेल्या माणसांची तपासणी करण्यासाठी सरकारनं तिथे १८९२ मध्ये ठाणं उघडलं, ते १९५४ मध्ये बंद झालं. तेवढ्या अवधीत या एका दारातून सुमारे एक कोटी वीस लाख माणसं आत गेली. कुणी इटालियन, कुणी पोलिश, कुणी रशियातले ज्यू. यांतल्या बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं. दिवसभर राबून दमलेला असा माणूस दोनचार पैसे टाकून सिनेमाला जाऊन बसे, कारण त्या वेळचे चित्रपट मुके होते. ते कळायला कुठलीच भाषा लागत नसे.

याच प्रेक्षकांपुढे १९१७ मध्ये चार्ली चॅप्लिननं 'दि इमिग्रंट', म्हणजे परदेशातून वस्तीला आलेला माणूस, हा छोटा मूकपट आणला. चॅप्लिन आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आखूड कोट, ढगळ विजार, हातात काठी, ओठावर टीचभर मिशी. या चित्रपटात तो बोटीच्या स्वस्तातल्या वर्गातून अमेरिकेला निघालेला आहे. बोट अशी हेलकावे खाते, की जेवणाच्या टेबलावरची थाळी इकडून तिकडे घसरत जाते, आणि समोरासमोर बसलेले दोघेजण आळीपाळीनं एकाच थाळीतला घास घेतात. आपण पोट धरून हसतो. मग बोटीवर आरोळी उठते. समोर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसू लागलेला असतो. सगळी गरीब माणसं डोळे भरून त्याच्याकडे बघत राहतात. आणि नेमक्या त्याच क्षणी बोटीवरचे अधिकारी येतात, आडवा दोर धरतात आणि गुरं कोंडावीत तसं या माणसांना दोराच्या मागे लोटतात. चॅप्लिन एकदा पुतळ्याकडे बघतो, एकदा दोराकडे बघतो. पडद्यावर यापलीकडे काही होत नाही, पण एखाद्या मोठ्या लेखात मावणार नाही एवढं त्यात सांगून झालेलं असतं.

पुढे शहरात आल्यावर त्याच्याजवळ काही नाही. पोटात भूक आहे. रस्त्यात एक नाणं सापडतं, ते तो खिशात टाकतो, पण खिशालाच भोक! हे त्याला ठाऊक नाही. उपाहारगृहात जाऊन तो ऐटीत उसळ मागवतो. तिथे बोटीवर भेटलेली मुलगी त्याला पुन्हा दिसते. तिच्या हातात काळ्या काठाचा रुमाल असतो, त्यावरून बरोबर आलेली आई वारली हे तो ओळखतो. इतक्यात दहा सेंट कमी पडले म्हणून एका गिऱ्हाइकाला तिथले आडदांड वाढपी बदडून बाहेर फेकतात. आता चॅप्लिनचा हात खिशात जातो, आणि नाणं नाही! आपण हसतो खरे, पण छातीत धडधडतही असतं. परक्या गावात हातात पैसा नसताना हॉटेलात बसण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

चॅप्लिन स्वतः इंग्लंडातून आलेला. लंडनमध्ये जन्मला, तिथे फार गरिबीत वाढला आणि १९१० मध्ये एका नाटकमंडळीबरोबर अमेरिकेला आला. जगभर नाव झालं, अमाप पैसा मिळाला, पण अमेरिकेचं नागरिकत्व त्यानं कधी घेतलं नाही. १९५२ मध्ये तो लंडनला जायला निघाला आणि बोट समुद्रात असतानाच अमेरिकन सरकारनं त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला. मग तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला. पुन्हा अमेरिकेत पाऊल टाकलं ते वीस वर्षांनी, १९७२ मध्ये, ऑस्करचा सन्मान स्वीकारण्यापुरतं. चित्रपटातला तो दोर खुद्द त्याच्याही पुढे आडवा आलाच.

आता दुसरा चित्रपट. खरं म्हणजे हे जोडचित्रपट आहेत. स्वीडन देशातले दिग्दर्शक यान ट्रोएल यांनी १९७१ मध्ये 'देश सोडून निघालेली माणसं' आणि १९७२ मध्ये 'नवी भूमी' अशा अर्थाच्या नावांचे दोन चित्रपट काढले. प्रत्येक तीन तासांहून मोठा. विल्हेल्म मोबेरी नावाच्या स्वीडिश लेखकाच्या कादंबऱ्यांवर ते आधारलेले आहेत. शेतकऱ्यांवर जगात जे चित्रपट निघाले, त्यांत मी यांना फार वरचं स्थान देतो.

काळ आहे १८४०-५० च्या सुमाराचा. आज स्वीडन म्हणजे श्रीमंत देश. त्या वेळी तिथला शेतकरी अन्नाला महाग होता. स्मोलंड नावाच्या खडकाळ मुलखात कार्ल ऑस्कर हा तरुण शेतकरी राहतो. शेतात मातीपेक्षा धोंडे जास्त. बाप धोंडा हलवता हलवता जायबंदी झालेला. पाऊस लांबतो, पीक बुडतं. गोठ्यावर वीज पडते. धाकटा भाऊ दुसऱ्याच्या घरी गडी म्हणून राबतो आणि मालकाचा मार खातो. कार्ल ऑस्करच्या मनात अमेरिकेचा विचार येतो, पण त्याची बायको क्रिस्तिना तयार नाही. एवढ्या लांब, लेकरं घेऊन, समुद्रावरून जायचं? तिला तो वेडेपणा वाटतो. मग एके दिवशी त्यांची भुकेलेली लहान मुलगी जवाची कच्ची लापशी पोटभर खाते. ती लापशी पोटात फुगते आणि मुलगी दगावते. त्यानंतर क्रिस्तिनाच म्हणते, की आपण जाऊ.

घर सोडण्याचा निर्णय कसा होतो, हे इतक्या सरळपणानं मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही. माणूस लोभानं गाव सोडतो असं शहाणी माणसं म्हणतात. ट्रोएल आपल्याला आधी ते धोंडे दाखवतात, रिकामी कणगी दाखवतात, लेकराचं मरण दाखवतात, आणि मग विचारतात, की तुम्ही असता तर काय केलं असतं? १८५० च्या सुमारापासून पुढच्या ऐंशी वर्षांत स्वीडनमधून बारा लाखांच्या वर माणसं अशी निघून गेली.

समुद्रावरचे दिवस आपण बोटीच्या पोटात त्यांच्याबरोबर काढतो. उवा, ओकाऱ्या, आजार, मरणं. शेवटी मिनेसोटा या प्रांतात एका तळ्याकाठी कार्ल ऑस्करला हवी तशी जमीन मिळते. तो खाली बसून ती काळी माती हातात घेतो आणि झाडाला टेकून हसतो. पहिला चित्रपट इथे संपतो. एखाद्या साध्या दिग्दर्शकानं गोष्ट इथेच संपवली असती. खुशालीचं पत्रही इथवरचंच लिहिलं जातं. दुसरा चित्रपट त्याच्या पुढचं सांगतो.

जमीन उत्तम निघते. धान्य पिकतं, घर उभं राहतं. पण ती जमीन रिकामी नव्हती. तिथले मूळ रहिवासी जे डकोटा लोक, त्यांच्याकडून ती घेतलेली होती. १८६२ मध्ये उपासमारीनं गांजलेले ते लोक उठाव करतात, वसाहतीतल्या माणसांची कत्तल होते, आणि मग सरकार ३८ डकोटांना एकाच वेळी फासावर लटकवतं. हा इतिहास आहे, आणि चित्रपट तो झाकून ठेवत नाही. भुकेनं गाव सोडून आलेल्या शेतकऱ्याची भरलेली कणगी दुसऱ्या कुणाच्या तरी भुकेवर उभी राहिली, हेही तो आपल्याला बघायला लावतो.

आणि क्रिस्तिना? ती मनानं माहेरीच राहते. तिथल्या सफरचंदाच्या बिया तिच्यासाठी येतात आणि नव्या घरापुढे त्याचं रोप वाढतं. बाळंतपणांमागून बाळंतपणं होऊन ती खंगत जाते. पुन्हा दिवस गेले तर जिवाला धोका आहे, असं डॉक्टर बजावतो, आणि अखेर तसंच होतं. नव्या देशानं कार्ल ऑस्करला जमीन दिली, पण तिची किंमत मुख्यतः क्रिस्तिनानं मोजली.

चित्रपटाचा शेवट एका पत्रानं होतो. कार्ल ऑस्कर म्हातारा होऊन वारला, ही बातमी स्वीडनला कळवायची आहे. ते पत्र शेजारी लिहितो. का? तर त्याच्या मुलांना आता स्वीडिश येईनासं झालं आहे. ज्या लेकरांना पोटभर अन्न मिळावं म्हणून बाप एवढा समुद्र ओलांडून आला, ती पोटभर जेवून मोठी झाली, संसाराला लागली, पण बापाच्या मरणाची चिठ्ठी बापाच्या भाषेत लिहायला त्यांच्यातलं कुणी उरलं नाही. श्रोतेहो, यात मुलांचा दोष आहे असं मला वाटत नाही, बापाचाही नाही. पण हा खर्च मांडून दाखवायलाच हवा, तो चित्रपटानं मांडला आहे.

इथवर आपण जाणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं. आता ज्यांच्या दारात परका येऊन उभा राहतो, त्यांच्याकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत कारखाने धडाधड उभे राहिले आणि हात कमी पडू लागले. तेव्हा सरकारनं १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी, १९६३ मध्ये मोरोक्कोशी असे करार करून मजूर आणले. त्यांना नाव दिलं 'पाहुणे कामगार'. पाहुणा म्हणजे चार दिवसांनी परत जाणारा! १९७३ मध्ये ही भरती थांबवली, पण तोवर लाखो माणसं तिथे राबत होती.

राइनर वेर्नर फासबिंडर या तरुण जर्मन दिग्दर्शकानं १९७४ मध्ये यावर एक चित्रपट काढला. त्याच्या नावाचा अर्थ 'भीती आत्मा खाऊन टाकते'. मूळ जर्मन नाव मुद्दाम अशुद्ध ठेवलेलं आहे, कारण ते एका मोरोक्कन मजुराच्या तोंडचं मोडकं जर्मन आहे. या मजुराला सगळे अली म्हणतात. त्याचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण मोरोक्कोहून आलेला तो अली, असं लोकांनी ठरवून टाकलेलं, आणि मग तोही आपलं नाव अलीच सांगतो. एमी नावाची साठीच्या घरातली एक विधवा, लोकांच्या कचेऱ्या झाडणारी, तिची आणि त्याची ओळख होते. दोघंही एकाकी. ती दोघं लग्न करतात, आणि सगळी आळी फिरते. मुलं तोंड फिरवतात; एक मुलगा तर आईचा टेलिव्हिजन लाथेनं फोडतो. कामावरच्या बायका तिच्याशी बोलणं टाकतात. कोपऱ्यावरचा वाणी अलीला माल देत नाही. म्हणतो, मला तुझी भाषा कळत नाही. खरं तर त्याला सगळं कळलेलं असतं.

ही दोघं काही दिवस बाहेरगावी जाऊन परत येतात, आणि बघतात तो लोक गोड बोलू लागलेले! फासबिंडरची खरी तीक्ष्ण नजर इथे दिसते. लोकांचं मन पालटलं म्हणावं, तर तसं नाही. शेजारणीला तळघरातली एमीची जागा हवी असते. मुलाला लेकरू सांभाळायला आई हवी असते. वाण्याला गेलेलं गिऱ्हाईक परत हवं असतं. गरज लागली की परका चालतो! आणि आता खुद्द एमीच अलीशी घरच्या गड्यासारखी वागू लागते. मैत्रिणींना त्याचे दंड दाबून दाखवते. त्याला आपल्या मुलखातलं कुसकुस खावंसं वाटतं. कुसकुस म्हणजे गव्हाच्या रव्याचा वाफवलेला पदार्थ. एमी म्हणते, मी नाही करणार, इथलं खायची सवय कर. भाकरीच्या मुलखातल्या माणसाला दूरदेशी भाकरी मागितल्यावर जे ऐकावं लागत असेल, तेच हे. शेवटी अली पोटात कळ येऊन कोसळतो. इस्पितळातला डॉक्टर सांगतो, पोटात व्रण पडला आहे, या परदेशी मजुरांत हा आजार नेहमीचाच, बरा करून पाठवला तरी पुन्हा होतो. भीती आत्मा खाते म्हणजे काय, ते असं शरीरावर उमटलेलं दिसतं. एमी त्याच्या खाटेजवळ बसून राहते, यापलीकडे चित्रपट दिलासा देत नाही.

आता अलीकडचा एक चित्रपट. २०२० सालचा 'मिनारी'. ली आयझॅक चुंग हे त्याचे दिग्दर्शक. आईबाप कोरियातले, ते स्वतः अमेरिकेत वाढलेले, आणि चित्रपटात त्यांच्या बालपणीच्या आठवणी मिसळलेल्या आहेत. काळ आहे १९८०-९० च्या दशकातला. जेकब नावाचा कोरियन गृहस्थ बायको आणि दोन मुलं घेऊन आर्कान्सा प्रांतात येतो. दिवसा नवराबायको कोंबड्यांच्या कारखान्यात काम करतात. काम कसलं, तर नुकतीच फुटलेली पिल्लं हातात घेऊन नर कोणता अन् मादी कोणती हे वेगळं करायचं. नर पिल्लं अंडी देत नाहीत म्हणून जाळून टाकतात. त्या धुराड्याकडे बघत जेकब आपल्या लहानग्याला सांगतो, की आपण उपयोगी पडलं पाहिजे. बापाच्या तोंडचं हे साधं वाक्य ऐकून अंगावर काटा येतो. उपयोगी आहोत तोवरच आपल्याला इथे जागा, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

जेकबला शेती करायची आहे. आपल्या देशातून आलेल्या लोकांसाठी आपल्याकडच्या भाज्या पिकवायच्या आणि शहरात विकायच्या, असा त्याचा हिशेब. विहिरीची जागा दाखवायला पाणाड्या येतो, तर जेकब त्याला परत पाठवतो. अक्कल वापरून स्वतःच जागा ठरवतो. पुढे विहीर आटते, विकतच्या पाण्यात पैसा जातो, व्यापारी ऐनवेळी माल नाकारतो. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ही गोष्ट आपल्याच शिवारातली वाटेल. बायकोला हे सगळं पसंत नाही. दोघांची भांडणं होतात, आणि दोघांचंही म्हणणं खरं असतं.

घरात आजी येते, कोरियाहून. येताना तिखटाची पूड आणि सुकी मासळी बांधून आणते. ते बघताच तिच्या लेकीच्या डोळ्यांत पाणी येतं. नातवाला मात्र आजी आवडत नाही. तिच्या अंगाला कोरियाचा वास येतो म्हणतो. त्यानं कोरिया पाहिलेलाही नाही! आजी एक बी आणते, मिनारीचं. ही ओलाव्याच्या जागी उगवणारी पालेभाजी. ओढ्याकाठी ती बी टाकते. पुढे आजीला पक्षाघात होतो. तिच्या हातून आग लागते आणि शेतमालानं भरलेलं कोठार जळून जातं. अखेरीस जेकब मुलाला घेऊन ओढ्यावर जातो, तर मिनारी माजलेली असते. कुणी पाणी दिलं नाही, खत घातलं नाही. हे काम करणाऱ्या युन यो-जंग या वयोवृद्ध कोरियन नटीला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. पण मला विशेष वाटतं ते असं, की चित्रपट यश दाखवत नाही. कोठार जळलेलंच राहतं. फक्त एवढं कळतं, की रुजायला कधीकधी एक पिढी जावी लागते, आणि बी म्हाताऱ्या माणसांच्या गाठोड्यातून आलेलं असतं.

आपल्या देशातून अमेरिकेला गेलेल्यांवरही मीरा नायर यांनी २००६ मध्ये 'दि नेमसेक' काढला. झुंपा लाहिरी यांच्या कादंबरीवरचा. कलकत्त्याची नवी नवरी न्यूयॉर्कच्या थंडीत येते. सकाळी एकटी असताना ती डब्यातल्या चुरमुऱ्यांसारख्या साहेबी खाण्यात शेंगदाणे अन् तिखट घालून खाते. तब्बूनं हे इतक्या सहजपणे केलं आहे, की तिचं एकटेपण सांगायला संवाद लागत नाही. पुढे मध्यरात्री फोन वाजतो आणि तिचे वडील गेल्याचं कळतं. दूरदेशी राहणाऱ्याला अवेळी वाजणाऱ्या फोनची जी धास्ती असते, ती या चित्रपटात आहे.

आता आपण घराकडे येऊ. मुलूख सोडायला समुद्र ओलांडावाच लागतो असं नाही. बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' हा १९५३ चा बोलपट आपल्यापैकी जुन्या मंडळींनी पाहिलाच असेल. कर्ज फेडून दोन बिघे जमीन वाचवायची म्हणून शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. बलराज साहनी यांनी ती भूमिका केली. मागे राहिलेल्या पार्वतीला लिहिता येत नाही, जमीनदाराची सून तिला पत्र लिहून देते. आणि शेवटी जमीन जातेच. तिच्यावर कारखाना उभा राहत असतो. शंभू कुंपणापाशी वाकून मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी तीही टाकायला लावतो. तिकडे कार्ल ऑस्करच्या मुठीत माती आली आणि इकडे शंभूच्या मुठीतून गेली. त्या दोन मुठींमध्ये परागंदा माणसांची सगळी कथा सामावते.

आणि आपलं काय? बीडकडची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. बैलगाडीत नाहीतर ट्रकात संसार, वर लेकरं. पाचसहा महिने कारखान्याच्या आसपास कोपीत राहायचं. त्यांच्यापैकी कितीतरी मुलांचं नाव एका गावच्या हजेरीपटावर आणि मूल दुसऱ्या गावच्या फडात. शहरांजवळच्या गावांत आता बिहार, उत्तर प्रदेशातले मजूर येऊन राहिलेत. आपली घरं बांधतात, आपल्या द्राक्षबागांत राबतात. आपण त्यांना सरसकट 'भैया' म्हणतो. त्यांतल्या एखाद्याचं खरं नाव आपल्याला ठाऊक असतं का? म्युनिकमधल्या लोकांनी एका माणसाला अली करून टाकलं, ते पडद्यावर बघताना आपल्याला राग येतो. तो राग थोडा इकडेही वळवून बघायला हवा. गंमत अशी, की ज्या घरातला मुलगा पुण्या-मुंबईत किंवा आखातात परका म्हणून राहतो, त्याच घराच्या ओट्यावर दुसऱ्या मुलखातला परका पाणी मागायला येतो. पाठवणारं घर आणि घेणारं घर एकच असतं.

माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. चॅप्लिनचा तो मूकपट वीस-पंचवीस मिनिटांचा आहे, इंटरनेटवर सहज मिळतो आणि भाषेची अडचण नाही. वर्गात एकदा दाखवा. मुलं खूप हसतील, हसू द्या. दोर आडवा येतो तिथे थांबवा आणि विचारा, की हा आता पुतळ्याकडे बघून काय म्हणत असेल? मग ज्या मुलांच्या घरचं कुणी बाहेरगावी आहे, त्यांना पत्र लिहायला सांगा. खुशाल आहोत हे वाक्य लिहायचं नाही, एवढीच अट घाला. जे खरोखर घडलं ते लिहायचं: शेळी व्याली, छप्पर गळलं, आजी रात्री तुझी आठवण काढते. आणि वर्गात मधेच आलेलं, मागच्या बाकावर गप्प बसलेलं ऊसतोड्याचं मूल असेल, तर त्याला त्याच्या गावाचं आणि त्याचं पूर्ण नाव सर्वांना मोठ्यानं सांगू द्या. मार्चमध्ये ते निघून जाईल. पण एका वर्गानं आपलं नाव विचारलं होतं, हे ते बरोबर घेऊन जाईल.